शिरपूरच्या चक्कीने करंजाचं तेल प्यायलं

अकोला ते शिरपूर

पेटत्या शेगडीला पाठ लावून तुम्ही कधी प्रवास केलाय? मी केलाय! अकोल्याहून वाशीमकडच्या मालेगावपर्यंत, घाट चढून, तेही तिकीट काढून!

सध्या लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही ना, म्हणून तिकडच्या मोटारींच्या मागे पिंपाएवढी लोखंडी टाकी बसवलीये. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा धूर नळीने इंजिनात सोडायचा, आणि त्या धुरावर मोटार पळते. भावोजी म्हणतात, "धूर नोको म्हनू शालू, गॅस म्हन." मी शेवटच्या बाकावर होते. गॅस असो नाहीतर धूर, मालेगावला उतरले तेव्हा माझं पांढरं पातळ राखी झालं होतं आणि शिंकले की रुमाल काळा!

पातूरच्या पुढे घाट लागला तशी मोटार मधेच थांबली. क्लीनर खाली उडी मारून ओरडला, "उतरा वो सारे! तिले दम लागला!" सगळे उतरले. कुणी चिडलं नाही, कुणी कपाळाला आठी घातली नाही. एका म्हाताऱ्या बाईने तर टाकीवर हात शेकून घेतले, चैत्राच्या उन्हात! क्लीनरने सळईने कोळसा ढवळला, पुरुषांनी ढकललं, मीही ढकललं. आमच्या चिपळूणला बायकांनी मोटार ढकलली असती तर चार दिवस तेवढंच बोलणं झालं असतं. इथे एकजण फक्त म्हणाला, "लाव जोर, पोट्टी, लाव जोर!"

भावोजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. शिरपूरला त्यांची पिठाची चक्की आहे, तेलाच्या इंजिनावर चालणारी. परीक्षा संपल्यावर दादाने मला अकोल्यापर्यंत आणून सोडलं आणि तिथून भावोजी न्यायला आले. म्हणजे मला तसं वाटलं. खरं तर ते आले होते इंजिनाला क्रूड तेल शोधायला, मी वाटेत सापडले. तेल मिळालंच नाही. परवाना हवा, आणि परवाना मोठ्या कारखान्यांना. त्यांच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता, रिकामा. दर खड्ड्याला तो ढण्ण वाजायचा.

"किती दिवस बंद आहे चक्की?" मी विचारलं.

"होळीच्या आधीपासून. बाया पुन्हा जात्यावर बसल्या. मले पाह्यलं का तोंड फिरवतात, जसं काई मीच लढाई लावली."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते तुम्हालाही आत्ताच सांगते, म्हणजे पुढे माझा जीव का वरखाली होत होता ते कळेल. वाशीमच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाशी त्यांची बोली झाली होती. शनिवारी त्याची बैलगाडी शिरपूरला येणार. इंजिन बंद असलं तर गाडीवर चढवून न्यायचं. चालू असलं तर सौदा मोडला, हात लावायचा नाही. आणि इंजिन गेलं की भावोजी भुसावळला रेल्वेत फिटर होणार, बिऱ्हाड तिकडे.

"अन् अक्का?"

"तिले नाही जायाचं." ते मग एकदम माझ्याकडे वळले. "पन मोटार कोयशावर चालते तं माहं इंजिन करंजाच्या तेलावर काहून नाही चालनार? तू सायन्सवाली आहेस. सांग!"

मला काय माहीत! पण मी इतक्या जोरात "चालेल!" म्हणाले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आमच्याकडे उंडीच्या बियांचं कडू तेल दिव्यात जाळतातच की. दिव्यात जळतं ते इंजिनात का नाही जळणार?

तो वार मंगळवार. हातात तीन दिवस.

बुधवार: नाल्याकाठी

अक्का बदललीये! लग्नाआधी माशांशिवाय न जेवणारी माझी अक्का आता पहाटे ज्वारीच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन बसते आणि "काहून गं, तिखट लागून राह्यलं का?" असं मला विचारते. आईला सांगितलं तर खरं वाटणार नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ही हसतेय.

पण हसू फार टिकलं नाही. घरात कोपऱ्यात दोन गाठोडी बांधून ठेवलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली, "ते म्हणाले बांधून ठेव, बांधून ठेवली. मी काही सोडून जाणार नाही बघ इथून. चार वर्षं लागली मला इथल्या बायकांची बोलणी समजायला. आता भुसावळला नव्याने शिकू?" माझ्याशी बोलताना ती मधूनच चिपळूणची होते आणि बायकांशी बोलायला वळली की लगेच वऱ्हाडची.

सकाळी आम्ही सगळ्या करंजाच्या शेंगा गोळा करायला नाल्यावर गेलो. नाला कसला, वाळूच! पण दोन्ही काठांनी करंजाची झाडं, हिरवीगार, बाकीचं सगळं रान करपलेलं असताना. काळ्या जमिनीला अशा भेगा पडल्यात की माझी चप्पल एका भेगेत गेली आणि अडकली. ती काढायला दोघी लागल्या. "आमची जमीन कोकनातल्या पाव्हनीले सोडत नाही," एकीने म्हटलं आणि सगळ्या खिदळल्या.

भावोजींनी गावात सांगून ठेवलं होतं: जी बाई टोपलीभर शेंगा आणील, तिचं दळण आधी. निम्मं गाव आलं! झाडांखाली वाळलेल्या शेंगांचा सडा पडलेला. त्या गोळा करायच्या आणि सावलीत बसून दगडाने फोडायच्या. आत एकच बी, तांबूस, चपटी. पहिल्या शेंगेबरोबर मी माझं बोट फोडलं. दुसऱ्या शेंगेबरोबर दुसरं.

दुपारी तिथेच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले. कणकेचे गोळे, बाहेरून काळे दगडासारखे. हे कसं खायचं म्हणून मी बघत राहिले, तर अक्काने ठोसा मारून फोडला, वर तुपाची धार, वरण आणि वांग्याची भाजी. अहो, काय सांगू! तीन खाल्ले. चौथ्याला अक्काने हात धरला.

जेवताना नेमासा आले. नेमासा म्हणजे गावातले किराणा दुकानदार, जैन, बारीक अंगाचे, बोलणं अगदी हळू. जुन्या देवळात उत्सव आहे, बाहेरगावचे यात्रेकरू येणार, त्यांच्या जेवणाची जबाबदारी ह्यांच्यावर. आठ पोती गहू दळायचे होते. मी म्हटलं, मग आधीच का नाही दळून ठेवले? तर म्हणाले, "बेटा, उनाया आहे. आमच्यात पाच दिसाच्या वरचं पीठ चालत नाही. जीव पडतात त्याच्यात. दयन होईन तं शनिवारी होईन, नाही तं बायाइले जात्यावर बसवतो." मग त्यांनी मूठभर बिया हातात घेऊन एकेक निरखून पाहिली. "किडकी बी नोका टाकू हां घान्यात."

"नाही टाकत, शेटजी," भावोजी म्हणाले.

"अन् तेल गायून घ्या. दुहेरी कपड्यातून."

"घेतो."

"अन् चक्की झाडून घ्या."

"शेटजी, आधी चालू तं होऊ द्या!"

गुरुवार: सोनाजींचा घाणा

सोनाजी तेली गावाच्या कडेला राहतात. वय सत्तरीचं असेल, मिशा पांढऱ्या, आणि त्यांच्या घाण्याला एकच बैल, डोळ्यांवर झापड बांधलेला, दिवसभर गोल गोल. त्याचं नाव राजा. मी घाण्याच्या लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर, बसून बघते म्हटलं तर सोनाजी म्हणाले, "बस. पन पडली तं माह्या राजाले नोको बोलू." दहा फेऱ्या मजेत गेल्या. अकराव्या फेरीला मला चिपळूण दिसायला लागलं, आणि मी उतरले म्हणजे कोसळलेच. सोनाजींच्या घरच्या, त्यांना सगळे काशीमाय म्हणतात, त्यांनी मला ओट्यावर निजवलं आणि कैरीचं पन्हं पाजलं. त्यामुळे घाण्यात नेमकं काय चाललंय ते मी पाहिलं नाही. हे लक्षात ठेवा. मी पाहिलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं!

करंजाच्या तेलाचा वास उग्र, कडू. रंग चहासारखा. सोनाजींकडे दिव्यासाठी काढून ठेवलेला एक डबा होताच, त्यात नवं घालून संध्याकाळपर्यंत दोन डबे झाले.

आता इंजिन. चक्कीच्या खोलीला लागून त्याची शेड आहे. भावोजींनी त्याला फडक्याने पुसून पुसून असं चकचकीत ठेवलंय की बंद असलेलं वाटतच नाही. क्रूड तेलाची एकच बाटली शिल्लक होती. ते म्हणाले, "हे तीन बार सुरू कराले पुरन. आधी याच्यावर तापवाचं, डोकं लाल झालं का करंजाचं तेल सोडाचं."

त्यांनी चाक फिरवलं. फक्... फक्... फक्‌फक्‌फक्‌फक्! शेड हादरली, वरची चिमणी उडाली, बाहेर जमलेल्या बायका "माय वो!" म्हणून मागे सरल्या. भावोजींनी क्रूडचा कॉक बंद केला आणि करंजाचा उघडला. फक्‌फक्‌फक्‌फक्... चालू आहे! चालू आहे! मी टाळ्या पिटायला लागले, अक्काने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

आणि मग तड. तड-तड. फट्. नळीतून पांढरा धूर आला, इंजिन शिंकल्यासारखं झालं आणि गप्प.

राहिले दोन बार.

"तेल घट्ट आहे," मी म्हणाले. सायन्सवाली ना मी! "घट्ट आहे, कचरा आहे, नळी तुंबली असेल. गाळलंच नाही आपण."

शुक्रवार: माझ्या जिभेचा पराक्रम

नेमासांनी स्वतः कपडा आणून दिला, पाणी गाळायचा, नवा कोरा. दुहेरी घडी घालून डब्यावर बांधला आणि तेल ओतलं. थेंब. मग बऱ्याच वेळाने दुसरा थेंब. भावोजी उकिडवे बसून बघत होते. "शेटजी, हे तेल गयेपर्यंत लढाई संपन, अन् क्रूडच भेटन."

"धीर धरा," नेमासा म्हणाले, आणि तेही शेजारी बसले.

दुपारपर्यंत काचेच्या एका बरणीभर तेल गाळून झालं. स्वच्छ, पारदर्शक, बघत राहावं असं. बरणी शेडच्या फळीवर निवळत ठेवली आणि आम्ही जेवून आलो. मग दुसरा बार. बरणीतलं तेल ओतलं, चाक फिरवलं, क्रूडवर तापवलं, करंजावर सोडलं. फक्‌फक्‌फक्... तड-तड. फट्. पांढरा धूर.

भावोजी खाली बसले. हात तेलाने माखलेले, तसेच तोंडावर घेतले. मी काहीतरी करायचं म्हणून ती रिकामी बरणी उचलली, आणि उन्हात धरल्यावर तळाशी थोडं काहीतरी चमकलं. तेलासारखं चिकटत नव्हतं, गोळ्या होऊन पळत होतं. मी बोट घातलं. पाणी!

त्याच वेळी सोनाजी दारात आलेले, काय झालं ते बघायला. आणि मी, अकलेचा कांदा, सगळ्या गावासमोर ओरडले, "अहो, ह्यांच्या तेलात पाणी आहे!"

सोनाजींचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "माह्या तेलात? साठ सालं झाले घाना हाकून राह्यलो मी. दूध आहे का ते, पानी मिसयाले?"

"नाही नाही, माझा अर्थ—"

"तुहा अर्थ समजला मले. तुमी शिकलेल्या. करा मंग तुमचं इंजिन तुमीच." आणि ते वळले. उरलेल्या बियांचं पोतं शेडच्या दारात ठेवलं होतं, ते त्यांनी पाठीवर टाकलं आणि सरळ चालायला लागले. सत्तरीचा माणूस, पोतं पाठीवर, एकदाही मागे न बघता!

अक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "जा. माफी माग."

मी धावतच गेले. घाणा बंद, राजाची झापड काढलेली, तो रवंथ करत होता आणि सोनाजी ओट्यावर पाठ करून बसले होते. काशीमाय सुपाने धान्य पाखडत होत्या.

"आजोबा, चुकलं माझं," मी म्हणाले. पाठ हलली नाही. "मी बोलायला नको होतं तसं." पाठ तशीच. "तुम्ही पाणी मिसळता असं मला म्हणायचंच नव्हतं."

"मिसयतो नं!" पाठ वळली. "पानी नाही शिपडलं तं घाना तेल सोडन का? कोरड्या बीचा भुगा होते, अन् तेल भुग्यातच राह्यते. घान्यात बी टाकली का ओंजळभर पानी माराच लागते. माह्या बापानं मारलं, त्याच्या बापानं मारलं. ते काय लपून करतो का मी? राजाले विचार!"

म्हणजे पाणी होतंच! लबाडीचं नाही, घाण्याच्या रीतीचं. आणि काल मी डोळे मिटून ओट्यावर पडले नसते तर माझ्या समोरच मारलं असतं त्यांनी!

"पण मग ते पाणी तेलात राहतं ना आजोबा?"

"राह्यते थोडंसं. दिव्यात घातलं तं दोनदा तडतडते अन् चूप होते. कोनाचं काय बिघडते?"

"इंजिनाचं बिघडतं. त्याला थेंबभरसुद्धा पाणी चालत नाही. ते बंदच पडतं."

सोनाजींनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी आत्ताच बोलायला शिकलेय. "अन् हे मले कोनं सांगतलं? तीन दिसापासून या म्हने, बी घ्या म्हने, तेल काढा म्हने. तुमचं इंजिन काय खाते अन् काय नाही खात, मले काय मालूम? सांगतलं असतं तं कढवून नसतं देल्लं?"

"कढवून?"

काशीमायने सूप खाली ठेवलं आणि खो-खो हसायला लागल्या. "बाप्पा! एवढी शिकली अन् हे नाही येत? लोनी कढवते नं वो तुही माय? पानी हाय तोवर लोनी बोलते. बोलनं थांबलं का तूप झालं. तेलाचं काय निराळं आहे?"

माझी आई आठवड्याला लोणी कढवते. मी चुलीपाशी बसून ती तडतड ऐकत अभ्यास केलाय! आणि काल न् आज इंजिनाने तीच तडतड केली, दोन्ही वेळा अगदी कानाशी, तरी मला कळलं नाही. सायन्सवाली म्हणे.

सोनाजी उठले, धोतर झटकलं. "पोतं ओढ घान्यापाशी. अन् तुह्या भावजीले म्हन, डबे घेऊन या."

मग काय सांगू तुम्हाला! काशीमायने लग्नातली मोठी कढई काढली. जाळ कशाचा? करंजाच्याच फोलांचा, टोपल्या भरून पडली होती ना. तेल ऊन व्हायला लागलं तसं सुरू झालं, तड, तड, तडतडतड! उडालेला एक थेंब माझ्या मनगटावर बसला, त्याचा डाग अजून आहे आणि मी तो सगळ्यांना दाखवते. काशीमाय हलवत होत्या, कान कढईकडे. नेमासा त्यांचा कपडा घेऊन आले आणि लांब उभे राहून म्हणाले, "ऊन आहे तवरच गाया, काशीबाई."

काशीमायने बोट ओठांवर ठेवलं. सगळे गप्प. कढईतून आवाज नाही.

"झालं चूप," त्या म्हणाल्या. आणि मग ऊन तेल त्या दुहेरी कपड्यातून असं सरसर उतरलं की भावोजींनी शेटजींना हातच जोडले.

शनिवार: गाडीवान

वाशीमची गाडी सकाळीच आली. चार बैल, दोरखंड, ओंडके आणि किसन नावाचा गाडीवान, मोठा फेटा, मोठं पोट, घाई कसली ती नाही. कडुनिंबाखाली गाडी सोडली, भाकरी काढली आणि म्हणाला, "मालकानं सांगतलं, बंद असन तं उचलाचं, चालू असन तं हात नाही लावाचा. मी बसतो. तुमचं होऊ द्या."

तिसरा बार. शेवटचा. बाटली पालथी करून भावोजींनी निथळवली. क्रूडवर तापलं, कॉक फिरला, करंजावर आलं, आणि फक्‌फक्‌फक्‌फक्... मी मनातल्या मनात मोजत होते. शंभर झाले. दोनशे झाले. तडतड नाही! धूर पातळ, निळसर, वास कुणीतरी भजी जाळल्यासारखा, पण इंजिन चालू! पट्टा चढला, जातं फिरलं, नेमासांचा गहू वरून घातला आणि खालून पीठ यायला लागलं. गरम, मऊ. नेमासांनी चिमूटभर हातावर घेतलं आणि अक्काच्या हातावर ठेवलं.

तिसऱ्या प्रहरी आठ पोती संपली. भावोजींनी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तसा कडुनिंबाखाली किसन उभा राहिला आणि दोरखंड खांद्यावर टाकला.

"काय रे?" भावोजी ओरडले.

"काई नाही. बंद करा नं. बंद झालं का उचलतो."

"अरे, दयन संपलं म्हनून बंद करून राह्यलो!"

"ते मले काय मालूम. मालकानं सांगतलं, बंद असन तं उचल."

भावोजींनी हात असा मागे घेतला जसा काही चटका बसला. आणि मग जी धावपळ झाली! इंजिन थांबवायचं नाही! क्रूड संपलेलं, थांबलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. पण रिकामी चक्की फिरवली तर दगडावर दगड घासणार. मी घरोघर पळाले, "दळण आणा, दळण आणा!" ज्वारी आली, हरभरा आला, कुणी उडीद आणले. एका आजीने कोरडी हळकुंडं आणली, आणि भावोजी "हळद नाही, आजी, हळद नाही!" म्हणेपर्यंत ओतलीसुद्धा. पुढच्या तिघींची ज्वारी पिवळी झाली. तिकडे सोनाजी राजाला हाकतायत, काशीमाय कढवतायत, मी डबे वाहतेय. किसन कडुनिंबाखाली झोपलाय, पण इंजिनाचा आवाज जरा उतरला की एक डोळा उघडतोय!

ऊन उतरलं. गावातलं धान्य संपत आलं. बैलांच्या सावल्या लांब झाल्या, तरी किसन हलेना. भावोजींचा हात कॉकवरच, घामाने निथळत. तेव्हा अक्का शेडमध्ये आली. पदर खोचला आणि म्हणाली, "सरका. मी बंद करते."

"वेडी झाली का तू? नाही सुरू झालं तं?"

"तं जाऊ भुसावळले. पन हे असं नाही जगाचं, थांबलं तं काय होईन म्हनून." आणि तिने कॉक फिरवला.

फक्... फक्... फक्. शांत. इतकं शांत की मला बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. किसन दोरखंड घेऊन दारात आला. त्याच्या मागे सोनाजी, नेमासा, अख्खं गाव.

"थांब जरासा," अक्का त्याला म्हणाली. तिने इंजिनाच्या डोक्याजवळ तळहात धरून धग पाहिली, तव्यावर भाकर टाकायच्या आधी बघतात ना, तशी. "अजून तापलेलं हाय. तेल ऊन हाय. फिरवा चाक."

भावोजींनी फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. एक फक् आलं आणि गेलं. किसन एक पाऊल आत आला. मी डोळे मिटले. तिसऱ्यांदा फिरवलं ते भावोजींनी आणि अक्काने दोघांनी मिळून, आणि फक्, फक्, फक्‌फक्‌फक्‌फक्! नुसत्या करंजाच्या तेलावर! क्रूडचा थेंब नाही!

गावाने असा गलका केला की राजा घाण्यावरून दावं तोडून पळाला.

किसनने दोरखंड खाली टाकला आणि डोकं खाजवलं. तो चिडलेला नव्हता, अडचणीत होता. "पन आता मालक इचारन नं. चालू होतं का बंद होतं? मी तं काय सांगू? दोनी पाह्यलं मी!"

सोनाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला करंजाचं तेल होतं, सदऱ्यावर पाची बोटं उठली.

"सांग, इंजिन जेवून राह्यलं होतं," ते म्हणाले. "अन् जेवत्याले आमच्या गावात कोनी उठवत नाही."